पथ्याची भांडणं

आक्काताई मगदूम भांडायला उठली की गल्लीतल्या बायका आधी गॅसवरचं दूध उतरवून ठेवत. म्हणजे मग निवांत ऐकता येई. मिरज तालुक्यातल्या त्या कृष्णाकाठच्या गावात घरोघरी टीव्ही होते, हाताहातांत मोबाईल होते, पण आक्काताईच्या तोंडाची सर कशालाच नव्हती. ती आपल्या पायरीवर उभी राही, पदर खोची, कमरेवर हात ठेवी आणि सुरू करी. समोरचा माणूस कायम फाटकाबाहेर. फाटकाच्या आत येऊन कुणी तिच्याशी भांडलं, असं चोवीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं.

लोक म्हणत, बाईला पित्त आहे. पावसाळा लागला की खवळतं, थंडीत डोक्यात जातं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला उतरतं. उन्हाळ्यात हीच बाई फाटकावरून कैऱ्या वाटायची, "औंदा जरा जास्तच बोलले गं, मनावर घिऊ नगंस" म्हणायची, आणि आषाढात त्याच बाईला पुन्हा धारेवर धरायची. शाळेतली सर्दी-तापाची साथ आणि आक्काताईचं पित्त एकाच आठवड्यात कसं येतं, हा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. गावाला इतके बारीक प्रश्न पडत नाहीत. गाव फक्त दूध उतरवून ठेवतं.

आता खरं सांगायचं तर आक्काताईसारखी माणूसवेडी बाई अख्ख्या तालुक्यात नव्हती. तिचं माहेर शिरोळकडचं, रोज वीस पानं उठणारं. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्या तीन माणसांच्या घरात तिला करमेना, म्हणून तिनं पहिल्या सहा महिन्यांत गल्ली घरात आणली. कुणी विरजणाला येई, कुणी शेवया वळायला, कुणी नुसतंच. त्यातली सगळ्यात जवळची होती भिंतीपलीकडची रंगूबाई. ती उंब्रजची लेक, मराठ्याची, आक्काताई जैन, पण दोघींचं असं जुळलं होतं की एकीनं भाजीला फोडणी दिली की दुसरीला शिंक येई आणि दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हसत. रंगूबाईचा थोरला जयराज तर जेवायला कुठल्या घरात आहे, हे संध्याकाळी शोधावं लागे.

मग आक्काताईला जिनपाल झाला, आणि तो सारखा आजारी पडू लागला. एकदा कान वाहिला, एकदा निमोनिया, पुन्हा निमोनिया, मग मांडीत पू. चार वर्षांचा होईतो त्यानं मिरजेतले इतके दवाखाने पाहिले की रिक्षावाल्याला पत्ता तोच सांगे. शेवटी डॉक्टर क्रांती नावाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त लांब कुठंतरी तपासायला पाठवलं आणि आक्काताईला समोर बसवून सांगितलं. रोगजंतूंशी लढणारी जी द्रव्यं प्रत्येकाच्या रक्तात तयार होतात, ती या मुलाच्या रक्तात जन्मापासून तयारच होत नाहीत. फार क्वचित आढळणारा आजार आहे. आईकडून मुलाकडं येतो. मुलींना स्वतःला त्रास होत नाही, पण त्या पुढं नेतात.

"तुमच्या माहेरी कुणी लहान मुलगे गेलेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

आक्काताईचे दोन भाऊ दोन वर्षांच्या आत गेले होते. दृष्ट लागून गेले, असं तिच्या आईनं जन्मभर सांगितलं होतं. आक्काताईनं डॉक्टरांना "न्हाई" म्हणून सांगितलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन ती तोंडात पदर कोंबून रडली. आपल्याच रक्तानं आपल्या पोराला हे दिलं, हे दुःख होतंच. पण त्याच महिन्यात धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत होती. ही गोष्ट फुटली तर त्या घराण्यातल्या पोरी कुणी करून घेणार नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि ठरवलं, नवऱ्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही. गावात सांगायचं, पोरगं अशक्त आहे, बाटली लावावी लागते.

ती बाटलीही एक प्रकरणच होती. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून वेगळं काढलेलं औषध, महिन्यातून एकदा शिरेतून जिनपालच्या अंगात जाणार. आक्काताईनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं, "ही हजार माणसं मटण खात्यात का वो?" डॉक्टर म्हणाल्या, त्यांनी काय खाल्लं ते बाटलीत येत नाही. "कांदा-लसूण?" तेही येत नाही. आक्काताईचं समाधान झालं नाही. तिनं आपला तोडगा काढला. दर बाटलीच्या आधी नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा, म्हणजे जे काय असेल ते शुद्ध होतं. नर्सबाईंना तो पुढं इतका पाठ झाला की आक्काताईला बसला उशीर झाला तर त्याच म्हणून घेत.

औषधाचं निभावलं, अडलं पथ्यावर. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "घरात माणसांची ये-जा कमी ठेवा. खोकणारी, शिंकणारी मुलं तर अजिबात नकोत." आता सांगली-मिरजेकडच्या गावात हे करून दाखवा. तिथं माणूस दार वाजवत नाही; तो थेट स्वयंपाकघरात येऊन "काय शिजतंय?" म्हणतो. आजारी माणूस असेल तर दुप्पट लोक येतात. बघायला आलं नाही तर वाईट दिसतं.

आणि रंगूबाईच्या पोरांची नाकं बारा महिने वाहती. जयराजला त्या साली डांग्या खोकला झाला होता आणि तो जिनपालच्या ताटात जेवत होता. तीन दिवस आक्काताई गोड शब्द शोधत राहिली. पोराला पाठवू नकोस म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. चौथ्या दिवशी जिनपालच्या कपाळाला हात लावला तर पुन्हा कढत. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि ओरडली, "रंगू! तुझ्या पोरानं माझी चांदीची वाटी चोरली!"

वाटी कपाटातच होती. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून सहा वर्षांच्या जयराजचा मार खाल्ल्याचा आवाज आला आणि आक्काताई अलीकडं कानांवर हात ठेवून बसली. दुसऱ्या दिवसापासून रंगूबाईच्या घरातलं कुणी फाटकाच्या आत आलं नाही. वाटीचं भांडण ऐकून इतर बायकाही बिचकल्या. आणि जिनपाल चार महिने तापाशिवाय राहिला. जन्मल्यापासून इतके सलग दिवस बरं राहणं त्याला ठाऊक नव्हतं. आक्काताईनं एका मैत्रिणीचा जीव दुखवून हे मिळवलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मिळालं होतं.

मग ती भांडत गेली. नीट, पद्धतशीर. बहिणीचं लग्न झालं तरी थांबता येईना, कारण तोवर पदरात ब्राह्मी नावाची मुलगी होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. आक्काताईनं स्वतःला नियम घालून घेतले. एकच निमित्त दोनदा वापरायचं नाही. कुणाच्या मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. बाटलीच्या दिवशी सुट्टी. नवीन भांडण आधी गोठ्यात म्हशीसमोर म्हणून बघायचं. एवढ्या कष्टानं तिनं डेअरीच्या चेअरमनवर त्यांची म्हैस आपल्या भिंतीला अंग घासते म्हणून आळ घेतला, गिरणीवाल्याला पीठ मारतो म्हणाली, आणि बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, उपाध्यांना तर "तुमची घंटा माझ्याच घराकडं तोंड करून का वाजती?" असं विचारलं. उपाध्ये चार दिवस घंटेकडं बघत होते.

रंगूबाईचं मात्र अजब होतं. तिच्यासाठी निमित्त शोधावंच लागत नसे. दर थंडीत, आक्काताई तयारी करायच्या आतच, रंगूबाई भिंतीवरून केर टाकायची नाहीतर म्हशीच्या नावानं शिव्या द्यायची, की झालं सुरू. गावात म्हणत, त्या दोघींचं वैर काही सरायचं नाही.

नवरा भरतेश देवमाणूस. बायको सकाळी भांडली की हा संध्याकाळी त्या घरी जाऊन चहा पिऊन "तिचं मनावर घेऊ नका" म्हणून यायचा. त्यामुळं ते लोक विरघळायचे, परत यायला लागायचे आणि आक्काताईला तेच भांडण पुन्हा वरच्या पट्टीत करावं लागायचं. आजार त्याला ठाऊक होता. भांडणाचं कारण ठाऊक नव्हतं. त्याला मनापासून वाटायचं, आपल्या नशिबी कजाग बायको आली.

जिनपालला बाराव्या वर्षीच उमगलं. तो खिडकीत बसून ऐकायचा आणि नंतर सांगायचा, "आई, सुरुवात झक्कास झाली. शेवट लांबला." तो घरातच वाढला, घरातच कॉम्प्युटर शिकला आणि आसपासच्या दहा गावांचे फ्लेक्स बनवू लागला. वाढदिवस, निवड, दहावं-तेरावं, सगळं. त्यामुळं पंचक्रोशीतला प्रत्येक चेहरा त्याच्या ओळखीचा होता; भेटला मात्र तो कुणालाच नव्हता. त्यानं केलेला पहिला फ्लेक्स जयराज सैन्यात भरती झाला त्याचा. गिरणीवाल्याच्या पोराकडून फोटो आला होता. आईला न सांगता त्यानं जयराजच्या मिशीवर अर्धा दिवस काम केलं होतं.

"गावातल्या एका माणसाला तू आत घेत न्हाईस," तो तिला चिडवायचा, "आणि माझ्या अंगात म्हैन्याला हजार माणसं सोडतीस."

मध्ये एक वर्ष असं आलं की सगळं जगच आक्काताईसारखं वागायला लागलं. गाव दारं लावून, तोंडं बांधून बसलं. त्या वर्षी आक्काताई कुणाशी भांडली नाही. गावाला वाटलं, तिला काहीतरी झालंय. आशा वर्करला पाठवून तिची तब्येत विचारली.

असं सगळं चाललेलं असताना दोन वर्षांमागं जिनपालचा उजवा गुडघा सुजला. आता ज्याच्या रक्तात लढणारं कुणी नाही, त्याच्या गुडघ्यात जंतूच शिरले असणार, असं सगळ्या डॉक्टरांना वाटलं. वर्षभर त्याला इंजेक्शनं झाली. सुईनं पाणी काढलं तर ते तांबूस-काळपट निघालं आणि त्यात जंतू सापडेना. मग मोठी तपासणी झाली, तुकडा काढून बघितला, तेव्हा कळलं की सांध्याच्या आतल्या अस्तराला गाठ आली आहे. कॅन्सर नाही. जिवाला धोका नाही. पण वाढत राहील आणि सांध्याचं हाड कुरतडत राहील.

हीही फार क्वचित येणारी गाठ. दोन दुर्मिळ गोष्टी एकाच माणसात, हे कळल्यावर दवाखान्यात जिनपालचं महत्त्व वाढलं. शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं बघायला येऊ लागले. एकानं अभिनंदन केल्यासारखा हात पुढं केला. आक्काताई पायरी नसतानाही पायरीवर उभी राहिली आणि बारा शिकाऊ डॉक्टरांना तिनं असं झोडपलं की पुढच्या वेळी ते तोंडाला मास्क लावून, हात धुऊन, रांगेत आले.

ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. एकदा आदल्या दिवशी ताप, एकदा छातीत कफ. तिसऱ्या वेळी हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आता हाड कडेला खाल्लं गेलंय. अजून लांबलं तर सांधा वाचणार नाही. मग धातूचा सांधा बसवावा लागेल, आणि याच्या अंगात धातू ठेवला तर तिथं जंतू शिरले की काढता काढता पाय जाईल." तारखेच्या आधी पंधरा दिवस ताप नको, खोकला नको, साधी सर्दीसुद्धा नको. एवढंच मागणं होतं.

"पंधरा दिवस व्हय?" आक्काताई म्हणाली. "चोवीस वर्सं केलंय."

तिनं मोठ्या आत्मविश्वासानं गावातल्या उरल्यासुरल्या सगळ्यांशी भांडण काढलं. पाच दिवसांत एकोणीस. ज्यांच्याशी कधीच वाकडं नव्हतं अशांशीही. पोस्टमनशीसुद्धा. फाटकाजवळ कुत्रं फिरकेना. तिनं फक्त पंचांग बघितलं नाही.

तो भाद्रपद होता. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं, आणि ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी प्रत्येकानं वर्षभरात ज्याला दुखवलं, ज्यानं आपल्याला दुखवलं, त्याच्या दारी जाऊन हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचं असतं. एरवी गावात हे बस्तीतच उरकायचं. पण त्या साली गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता आणि त्यांचं प्रवचन लाउडस्पीकरवरून सगळ्या गल्लीला ऐकू येई. आक्काताई गर्दी नको म्हणून बस्तीत जात नसे, घरातूनच ऐके. शेवटच्या दिवशी महाराज म्हणाले, "वैर वर्ष ओलांडून पुढं नेऊ नका. ते जन्मोजन्मी चिकटतं. म्हणून उद्या पहिल्यांदा त्याच्या दारी जा, ज्याच्याशी तुमचं सर्वांत जास्त वैर आहे."

आक्काताईच्या हातातलं लाटणं थांबलं. सगळं गाव आता मनातल्या मनात एकच घर शोधत असणार, हे तिला कळलं. ऑपरेशनला आठ दिवस होते, आणि गावात तापाची अशी साथ होती की शाळेत वर्गात सहा-सात पोरं बसत होती.

सकाळी साडेआठला ते आले. साठएक माणसं असतील. पुढं उपाध्ये, मागं चेअरमन, गिरणीवाला, बायका, पोरं, पोस्टमन. पोस्टमन जैन नव्हता, पण त्यालाही परवाचं लागलं होतं. निम्मी माणसं नाक ओढत होती. आक्काताईनं फाटकाला साखळी आणि कुलूप घातलं होतं. ती पायरीवर उभी राहिली आणि तिनं उभ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार भांडण सुरू केलं.

काही उपयोग झाला नाही. तिनं शिव्या घातल्या, त्यांनी हात जोडले. तिनं चेअरमनची म्हैस काढली, चेअरमननी मान खाली घातली. "आज तुमी कायबी बोला आक्काताई," उपाध्ये प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "आज आमाला रागच येत न्हाई." क्षमा करायची म्हणून घरातून निघालेल्या माणसाशी भांडणं म्हणजे भिजल्या लाकडाला काडी लावणं. आक्काताईचा घसा बसला.

"बरं, केली क्षमा! जावा आता!" ती म्हणाली.

"अशी वरवरची न्हवं," एक म्हातारी म्हणाली आणि खोकली. "मनापासनं. आमी आत येतो, तुज्या पाया पडतो." गिरणीवाल्यानं साखळी चाचपली. दोन पोरं फाटकावर चढायला लागली. त्यातलं एक शिंकलं.

आत खिडकीपलीकडं जिनपाल पाय उशीवर ठेवून पडला होता. आक्काताईनं एकदा तिकडं पाहिलं. मग ती पायरीवरच मटकन बसली आणि म्हणाली, "थांबा. सांगते. माझी सगळी भांडणं खोटी हुती."

आणि तिनं सांगितलं. रक्ताचं सांगितलं, दोन भावांचं सांगितलं, बहिणीचं, अजून लग्न व्हायच्या ब्राह्मीचं, आपण कुणाकुणावर काय काय बालंट आणलं तेही सांगितलं.  पहिला आवाज चेअरमनांचा आला.

"म्हंजे माझी म्हस तुमच्या भितीला घासतच न्हवती?"

"न्हाई."

"अवो, मी ती म्हस इकली की! बारा लिटरची म्हस!"

भरतेश मागं दारात उभा होता. त्याचा चेहरा उजळला होता. चोवीस वर्षांनी का होईना, आपल्याला भली बायको मिळाली होती. त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे माझ्यासंगं भांडायचीस तीबी खोटी?"

"तुमच्यासंगं भांडले ती खरी," आक्काताई म्हणाली.

एखाददुसरा चिडून गेला असता तर बरं झालं असतं, पण झालं भलतंच. बायका रडायला लागल्या. "पोरासाठी एवढं वाईट व्हऊन घेतलीस गं!" म्हणत त्यांनी नाकं पुसली आणि त्याच हातांनी फाटक हलवायला सुरुवात केली. आता त्यांना क्षमा नको होती, आता त्यांना आक्काताईला मिठी मारायची होती, जिनपालच्या तोंडावरून हात फिरवायचा होता. उपाध्येही रडत शिंकले. साखळीचा एक कोयंडा निघाला. खोटं बोलून चोवीस वर्षं राखलेलं घर खरं बोलून अर्ध्या तासात उघडं पडत होतं. "नगा वो, नगा," आक्काताई हात जोडत होती, आणि हात जोडलेले बघून लोकांना आणखीच भरून येत होतं.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि रंगूबाई शेणकाल्याची बादली घेऊन बाहेर आली. तिनं एक शब्द न बोलता अर्धी बादली गर्दीवर ओतली.

"निघा!" ती ओरडली. "माझ्या दाराम्होरं तमाशा लावलाय! हिची क्षमा मागताय? हिची? माझ्या पोराला चोर म्हणणारीची? जो कोन त्या फाटकाला हात लावंल त्याच्या तोंडात हे उरलेलं!" आणि तिनं उरलेलं खरंच उचललं. पर्वासाठी धुतलेली पांढरी धोतरं, नव्या साड्या, टोप्या, सगळं हिरवं झालं होतं. माणसं पळाली. पोस्टमनची सायकल तिथंच राहिली. दोन मिनिटांत गल्ली मोकळी झाली आणि रंगूबाईनं दार आपटून लावून घेतलं.

आक्काताईला वाटलं, हिचं वैर तेवढं खरं निघालं.

आठ दिवस ती दिवसातून दहा वेळा जिनपालचा ताप मोजत होती. ताप आला नाही. ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेरच्या बाकावर ती णमोकार मोजायचं विसरून नुसती तोंडानं पुटपुटत बसली होती. हाडांचे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ निघाली, सांधा वाचला, पुन्हा येते का ते बघत राहावं लागेल. आक्काताईनं तिथंच वाकून त्यांच्या पायाला हात लावला. टाके निघेपर्यंत ते दवाखान्यातच राहिले आणि एका दुपारी गाडी करून घरी आले. जिनपालनं गाडीतून उतरताना गुडघा थोडा वाकवला. दुखलं म्हणून ओरडलाही. पण वाकला.

गावातून कुणी आलं नाही. आता सगळ्यांना कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच कुणी येत नव्हतं. फाटकाच्या खांबावर दुधाची किटली, शेवग्याच्या शेंगा, कोथिंबिरीची जुडी येऊन बसायची. माणूस दिसायचं नाही. आक्काताई पायरीवर बसून रिकाम्या गल्लीकडं बघायची. भांडायलाही कुणी नव्हतं, आणि तिला रडू येई.

चौथ्या दिवशी सकाळी रंगूबाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तोंडाला पदर बांधलेला.

"पोरगं कसं हाय?" तिनं विचारलं.

"बरं हाय," आक्काताई उठली. "आत ये की रंगू."

"न्हाई. सुनंला सर्दी हाय." ती तिथंच खांबाला टेकून खाली बसली. "लवकर बरं व्हऊ दे त्येला. बारकं असताना बाटली लावून निजवलेलं बघितलं हुतं मी."

"कुठं बघितलंस?"

"मिरजेत. वाटीच्याच साली. सासूचं डोळं दाखवाया गेलते. तू पोराच्या उशाला बसलीवतीस. मी सिस्टरला इचारलं, ह्येला काय झालंय. तिनं सांगितलं."

आक्काताईला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. "म्हंजे तुला चोवीस वर्सं ठावं हाय? मंग त्यो केर? दर थंडीला?"

"माझ्या घरात पोरं खोकाय लागली की टाकायची," रंगूबाई म्हणाली. "तुला भांडान काढाय उशीर व्हायचा. आधी त्या म्हशीला म्हणून दाखवायचीस. मला ऐकू यायचं सगळं."

आक्काताई फाटकापर्यंत आली आणि आतल्या बाजूला, तिच्यासमोर मातीतच बसली. 

"जयराजची क्षमा मागायची ऱ्हायली बघ," आक्काताई म्हणाली. "तू त्येला मारलंस ते मी हितं ऐकत बसले हुते."

"ती मला मागू नगंस. मारल्याचं माझं मलाच फिटत न्हाई." रंगूबाईनं डोळे पुसले. "त्येलाच माग. आज सुट्टी हाय त्येची. नंबर सांगते, तुझ्या फोनवरनं लाव. माझ्या फोनवर सगळ्यांचं खोकून झालंय."

आक्काताईनं आकडे दाबले. पलीकडून जाड, अनोळखी पुरुषी आवाज आला. "हॅलो, हवालदार जयराज."

साठ माणसांसमोर न अडखळलेली आक्काताई अडखळली. आपण कोण ते सांगितलं, वाटी कपाटातच होती ते सांगितलं. "तू चोर न्हवतास बाळा. मला ठावं हुतं."



"मारलेलं इसरलो, काकू," जयराज म्हणाला. "आर्मीत त्यापरीस लय खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी आलतो. जिनपाल खिडकीत हुता. मी हाक मारली, त्यो आला न्हाई. का आला न्हाई, ते मला कुनी सांगितलंच न्हाई. मी लय दिवस येत हुतो."

 आक्काताई उठली, पायऱ्या चढून आत गेली आणि फोन जिनपालच्या हातात दिला.